सेनानींचे चेहरे मातीत राखणारा उदाँ

एप्रिल १९०५ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्यालयातील टेबलावर एक मृतदेह तपासणीसाठी ठेवण्यात आला. तो पुरला गेल्याला शंभराहून अधिक वर्षे झाली होती. शिशाच्या शवपेटीत गवत आणि मद्यार्क भरून ती घट्ट बंद केलेली असल्याने देह आश्चर्य वाटावे इतका टिकला होता. मात्र पेटीवर नावाची पट्टी नव्हती. अमेरिकेचे पॅरिसमधील राजदूत जनरल होरेस पोर्टर यांची खात्री होती की हा देह जॉन पॉल जोन्सचा आहे. १७७९ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'सेरापिस' ही ब्रिटिश युद्धनौका जिंकणारा, अमेरिकी आरमाराचा आद्य वीर म्हणून ओळखला जाणारा आणि १७९२ मध्ये पॅरिसमध्ये एकाकी अवस्थेत मरण पावलेला असा हा दर्यावर्दी. ज्या दफनभूमीत त्याला पुरले होते तिच्यावर पुढे घरे उभी राहिली आणि थडग्याचा ठावठिकाणा लोक विसरून गेले. पोर्टर यांनी काही वर्षे शोध घेऊन, स्वतःचे पैसे खर्चून, भुयारे खणून ही पेटी बाहेर काढली होती. पण राजदूताची खात्री म्हणजे पुरावा नव्हे.

फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांची तपासणी झाली, त्यात जोन्सच्या ज्ञात आजारांच्या खुणा मिळाल्या. त्याखेरीज मानववंशशास्त्रज्ञांनी आणखी एक साक्षीदार उभा केला. तो साक्षीदार होता जोन्सच्या हयातीत, १७८० साली, घडवलेला त्याचा अर्धपुतळा. कपाळाची रुंदी, नाकाची लांबी, ओठ ते हनुवटी हे अंतर अशी एकेक मापे पुतळ्यावरून आणि मृतदेहावरून घेतली गेली आणि ती काही मिलिमीटरच्या फरकाने जुळली. पुढे या ओळखीविषयी काही अभ्यासकांनी शंका काढल्या, हे खरे. परंतु अमेरिकेने ती मान्य केली आणि जोन्सचे अवशेष युद्धनौकेतून मायदेशी नेऊन १९१३ साली अनापोलिस येथील नौदल अकादमीच्या प्रार्थनामंदिराखाली सन्मानाने विसावले. सव्वाशे वर्षांपूर्वी ओल्या मातीत उमटलेल्या एका चेहऱ्यावर शास्त्रज्ञांनी ओळखीची भिस्त ठेवावी, हा मान फार थोड्या शिल्पकारांच्या वाट्याला आला असेल. त्या शिल्पकाराचे नाव ज्याँ-आंत्वान उदाँ.

उदाँचा जन्म मार्च १७४१ मध्ये व्हर्सायला झाला. घराण्यात कलेची परंपरा नव्हती. वडील एका सरदाराच्या वाड्यावर चाकरीला होते. मात्र योग असा की शिल्पकला आणि चित्रकलेच्या निवडक विद्यार्थ्यांना रोमला पाठवण्यापूर्वी तयार करणारी राजाश्रयाची एक शाळा पॅरिसमध्ये निघाली आणि वडील तेथे द्वारपाल म्हणून राहू लागले. लहानगा ज्याँ त्या इमारतीत वाढला. विद्यार्थ्यांच्या हातून सांडलेली माती हेच त्याचे खेळणे. या गोष्टीला नंतरच्या चरित्रकारांनी थोडा रंग चढवला असेल. पण शिक्षकांच्या पायांत घोटाळणारा द्वारपालाचा मुलगा विसाव्या वर्षी, म्हणजे १७६१ साली, शिल्पकलेचे मानाचे रोम पारितोषिक मिळवतो, एवढे नोंदीवरूनच दिसते.

१७६४ ते १७६८ ही वर्षे त्याने रोममध्ये काढली. त्याच्या पिढीचे इतर तरुण प्राचीन रोमन मूर्तींच्या नकला करण्यात दंग असताना हा एका शल्यविशारदाच्या मागे जाऊन शवविच्छेदने पाहत होता. त्यातून १७६७ साली त्याने त्वचा सोललेल्या माणसाचा पूर्णाकृती पुतळा घडवला. त्याचा मूळ उद्देश संत जॉनच्या मूर्तीची पूर्वतयारी एवढाच होता, पण स्नायूंची रचना इतकी अचूक उतरली की त्याच्या प्रती युरोपातील कलाशाळांतून अभ्यासासाठी पोहोचल्या आणि विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावरून मानवी देह शिकल्या. आपण आयुष्यभर मनापासून दोनच विद्या केल्या, शरीररचना आणि ओतकाम, असे उदाँने उतारवयात, क्रांतीच्या धामधुमीत लिहिलेल्या एका निवेदनात म्हटले आहे. ज्याच्या हातून व्हॉल्तेअर आणि वॉशिंग्टन घडले त्याने स्वतःची ओळख अशी करून द्यावी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पॅरिसला परतल्यावर त्याने अर्धपुतळ्यांचा व्यवसाय मांडला. व्यवसाय हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. राजाकडून मोठ्या स्मारकांची कामे मिळावीत एवढे वजन त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा चेहऱ्यांवरच त्याची उपजीविका होती. १७७१ च्या प्रदर्शनात त्याने तत्त्वज्ञ दीदरोचा भाजलेल्या मातीचा अर्धपुतळा ठेवला. डोक्यावर टोप नाही, अंगावर दरबारी पोशाख नाही, ओठ नुकतेच बोलण्यासाठी विलगलेले. दीदरोमुळे रशियाच्या कॅथरीन महाराणीकडे त्याची वाट मोकळी झाली. फेब्रुवारी १७७८ मध्ये चौऱ्याऐंशीच्या घरातला व्हॉल्तेअर जवळपास २८ वर्षांनी पॅरिसमध्ये आला, तेव्हा उदाँने त्याला समोर बसवून घेतले; मे अखेरीस व्हॉल्तेअर गेला. पाठोपाठ जुलैच्या आरंभी रूसो वारला, तर उदाँ एर्मेननव्हील गावी धावला आणि मृत चेहऱ्याचा साचा घेऊन आला. असा हा माणूस. प्रसिद्ध चेहरा काळाने ओढून नेण्यापूर्वी तो गाठलाच पाहिजे, अशी त्याची घाई असे.

त्याची कामाची रीत येथे थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण सारे मर्म तिच्यातच आहे. समोरची व्यक्ती बसली की तो प्रथम कंपासाने मापे घेई. दोन डोळ्यांच्या कोपऱ्यांतील अंतर, कानाच्या पाळीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचे अंतर, जबड्याची रुंदी. मग ओल्या मातीत डोके उभे राही. मातीचे काम मनासारखे झाले की त्यावरून प्लास्टरचा साचा निघे आणि साच्यातून प्रती. गिऱ्हाइकाला परवडेल तसे प्लास्टर, भाजलेली माती, ब्राँझ किंवा संगमरवर. नकली प्रती विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा तो आपल्या कारखान्यातून निघालेल्या प्रतींवर लाल लाखेचा शिक्का मारू लागला.

मापे मात्र कोणीही घेऊ शकतो. पुतळा जिवंत होतो तो डोळ्यांत. माती असो वा दगड, त्याला रंग नसतो, म्हणून पुष्कळ जुन्या पुतळ्यांचे डोळे आंधळे भासतात. उदाँने यावर एक युक्ती काढली. बुबुळाच्या जागी तो खोल खळगा कोरी आणि त्या खळग्याच्या वरच्या कडेशी मातीचा किंवा दगडाचा इवलासा कण शिल्लक ठेवी. खळग्यात सावली साचते, ती काळी बाहुली वाटते. कणावर उजेड पडतो, ती डोळ्यातली चमक. पाहणारा बाजूला सरकला की सावली सरकते आणि नजर वळल्याचा भास होतो. संगमरवरात तो कण राखणे किती जोखमीचे, हे छिन्नी धरणारेच जाणोत.

सेनानींच्या पुतळ्यांत ही रीत विशेष कसाला लागते, कारण तेथे गणवेश हा चेहऱ्याचा मोठा प्रतिस्पर्धी असतो. सोनेरी झालर, खांद्यावरची पदचिन्हे, छातीवरचे पदक, मानेभोवतीची उंच कॉलर. हे सगळे इतके देखणे की शिल्पकार त्यातच रमतो आणि वर बसवलेले डोके कोणाचेही असले तरी चालते. उदाँचा जोन्स पाहावा. अंगावर नौदलाचा कोट आहे, फ्रान्सच्या राजाने दिलेले पदक आहे, सारे काही यथातथ्य. पण लक्ष जाते ते किंचित वळवलेल्या मानेकडे आणि घट्ट मिटलेल्या ओठांकडे. जोन्स स्वतःच्या प्रेमात पडावा तसा या पुतळ्याच्या प्रेमात पडला होता. त्याने प्लास्टरच्या प्रती करवून घेऊन मित्रांना वाटल्या. एक वॉशिंग्टनच्या घरी गेली, एक जेफरसनकडे. मूळ काम 'नऊ भगिनी' या पॅरिसच्या फ्रीमेसन मंडळाने सांगितले होते, आणि उदाँ स्वतःही त्याच मंडळाचा सभासद होता. त्या मंडळामुळेच अमेरिकी मंडळींशी त्याचा घरोबा वाढला.

आणखी एक दर्यावर्दी येथे आठवतो, कारण त्याचे नाव आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे. इंग्रज आणि मराठे यांच्यात १७८२ साली सालबाईचा तह झाला, त्याच उन्हाळ्यात फ्रेंच आरमाराचा सेनापती स्युफ्राँ कोरोमंडलच्या किनाऱ्यावर इंग्रजांशी लढत होता आणि कडलूरजवळ हैदरअलीची भेट घेत होता. सुमारे दीड वर्षाच्या अवधीत इंग्रज आरमाराशी त्याच्या पाच लढाया झाल्या. हा स्युफ्राँ अतिशय स्थूल होता. १७८७ साली उदाँने त्याचा जो संगमरवरी अर्धपुतळा केला, तो हेग शहरातील मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्यात दुहेरी हनुवटी आहे, भरलेले गाल आहेत, मानेवर मांसाची वळी आहे, आणि एवढ्या मांसलतेतूनही हुकूम सोडणाऱ्या माणसाचा दरारा उणावत नाही. एखाद्या खुशमस्कऱ्याने त्याला सडसडीत करून सोडले असते.

उदाँच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रवासही एका सेनानीसाठीच घडला. जून १७८४ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने जॉर्ज वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा करवून घेण्याचा ठराव केला आणि शिल्पकार निवडण्याचे काम पॅरिसमधल्या जेफरसन व फ्रँकलिन यांच्यावर सोपवले. चित्रकार पील याने काढलेले वॉशिंग्टनचे पूर्णाकृती चित्र शिल्पकाराला नमुना म्हणून पाठवण्याची तजवीजही झाली. काम उदाँकडे आले, त्याने होकार दिला, पण चित्रावरून पुतळा करायला तो तयार होईना. चित्र एकाच बाजूने दिसते. पुतळ्याला मागची बाजूही असते. आपण अमेरिकेला जाऊ, माणूस समोर पाहू, मापे घेऊ, मगच माती हातात धरू, हा त्याचा आग्रह. अटलांटिक ओलांडणे तेव्हा जिवावरचे साहस होते आणि उदाँच्या कमाईवर त्याचे कुटुंब अवलंबून होते. त्यामुळे पुतळ्याचे एक हजार गिनी आणि प्रवासखर्च यांखेरीज करारात आणखी एक अट घालण्यात आली. वाटेत त्याचे बरेवाईट झाले तर कुटुंबाला १०,००० लिव्र द्यायचे. त्यासाठी जेफरसनने लंडनमधून त्याच्या आयुष्याचा विमा उतरवण्याची खटपट केली. पुतळा घडवण्यासाठी शिल्पकाराचा विमा, ही १७८५ सालची गोष्ट आहे.

म्हाताऱ्या फ्रँकलिनच्या सोबतीने उदाँ जुलै १७८५ मध्ये निघाला आणि सप्टेंबरच्या मध्याला फिलाडेल्फियाला उतरला. पण त्याची हत्यारे आणि सामान युरोपातच मागे राहिले होते. तेव्हा फिलाडेल्फियाच्या बाजारात मिळाली ती साधने विकत घेऊन तो तीन साहाय्यकांसह २ ऑक्टोबरच्या रात्री माउंट व्हर्ननला पोहोचला. घरातली मंडळी निजली होती. इंग्रजी त्याला येत नव्हते, वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हते. दुभाषा बरोबर होता.

पुढचा पंधरवडा शिल्पकलेच्या इतिहासात मोलाचा ठरला. उदाँने वॉशिंग्टनला एकदम बसवून ठेवले नाही. तो त्याच्या मागे मागे हिंडला. शेतीची व्यवस्था चाललेली असे, पाहुण्यांची ये-जा असे, शेजारच्या एका अंत्ययात्रेलाही तो यजमानाबरोबर गेला, आणि १५ ऑक्टोबरला त्या घरात वॉशिंग्टनच्या पुतण्याचे लग्न लागले तेही त्याने पाहिले. हवी ती मुद्रा त्याला एका घोडेवाल्याने घोड्याची अवाच्या सव्वा किंमत सांगितली त्या क्षणी सापडली, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, अर्धपुतळ्यातली ती वर उचललेली मान आणि दूरवर रोखलेली करडी नजर पाहताना ती खरी वाटते.

चेहऱ्याचा साचा घेण्याचा दिवस आला. वॉशिंग्टनला नोकरांच्या दालनात एका मोठ्या टेबलावर उताणे निजवले, अंगावर चादर घातली, चेहऱ्याला स्निग्ध लेप लावला, श्वासासाठी नाकपुड्यांत पिसांच्या नळ्या बसवल्या आणि वरून प्लास्टर चढवले. सहा वर्षांची नात नेली दारावरून जात होती. तिने आजोबांना तशा अवस्थेत पाहिले आणि ते वारलेच असे समजून ती घाबरली. आपण काही करायचे नाही, ते नीट आहेत, हे तिला समजावावे लागले. ही हकिकत तिनेच मोठेपणी सांगितली. खुद्द वॉशिंग्टनला मात्र प्लास्टरचेच कुतूहल. जिप्समची भुकटी भांड्यात तापवून ती कशी तयार करतात, मग पाणी घालून दाट सायीसारखी कशी कालवतात, याची तपशीलवार नोंद त्याने १० ऑक्टोबरच्या दैनंदिनीत केली. ज्याने साम्राज्याशी युद्ध जिंकले तो शेतकरी गृहस्थ शिल्पकाराच्या घमेल्याकडे इतक्या बारकाईने पाहत होता.

जिवंत माणसाच्या मुखवट्याला काही मर्यादा असतात, हे येथे सांगितले पाहिजे. प्लास्टरच्या वजनाने गाल दबतात, निजल्यामुळे कातडी कानांकडे सरकते, डोळे मिटलेले असतात आणि चेहऱ्यावर कोणताही भाव नसतो. म्हणून मुखवटा म्हणजे हाडांची मापे फक्त. मांस, नजर आणि स्वभाव हे सारे पुन्हा समोरच्या माणसाकडे पाहून मातीत आणावे लागते. उदाँने त्याच मुक्कामात मातीचा अर्धपुतळा केला, त्यात डोळे उघडले, मान उचलली आणि तो यजमानाच्या घरीच ठेवून दिला. आजही तो माउंट व्हर्ननमध्ये आहे. मुखवटा न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. वॉशिंग्टनची अनेक चित्रे झाली आणि त्यांतले चेहरे एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. मातीच्या या डोक्याविषयी मात्र सहसा वाद होत नाही. शरीराची मापे घेऊन १७ ऑक्टोबरला उदाँने निरोप घेतला. अमेरिकी काँग्रेसकडून वॉशिंग्टनच्या अश्वारूढ पुतळ्याचे काम मिळेल ही खरी आशा त्याला समुद्रापार घेऊन गेली होती. ते काम त्याला कधीच मिळाले नाही.

पॅरिसला परतल्यावर पोशाखाचा प्रश्न उभा राहिला. थोर सेनापती दगडात उभा करायचा म्हणजे त्याला रोमन वस्त्रे नेसवायची, असा त्या काळचा शिष्टसंप्रदाय. वॉशिंग्टनला विचारले गेले. त्याने आपल्या संकोची शैलीत, कलेतले आपल्याला कळत नाही असे सांगून, चालू काळाचाच पोशाख बरा असा कौल दिला. त्यामुळे रिचमंडच्या विधानभवनातला वॉशिंग्टन स्वतःच्या लष्करी गणवेशात उभा आहे. उंची प्रत्यक्षाएवढी, सहा फूट दोन इंच. उजव्या हातात चालण्याची काठी. डावा हात तेरा दांड्यांच्या मोळीवर टेकलेला, कारण संस्थाने तेरा होती. तलवार कमरेला नाही, ती मोळीला टांगून ठेवली आहे, आणि पायांमागे नांगर आहे. युद्ध संपताच सत्ता खाली ठेवून शेताकडे परतलेल्या सिनसिनाटस या प्राचीन रोमन सेनापतीची ती आठवण. एवढा अर्थ भरूनही कोटाचे एक बटण नाहीसे झालेले शिल्पकाराने तसेच दाखवले आहे! पायथ्यावर १७८८ हे साल कोरलेले असले तरी काम पुढेही चालूच होते. जून १७८९ मध्ये गव्हर्नर मॉरिस हा वॉशिंग्टनसारख्याच बांध्याचा अमेरिकी गृहस्थ शरीराच्या नमुन्यासाठी उदाँसमोर उभा राहिला आणि त्याने ते आपल्या दैनंदिनीत काहीशा नाराजीने टिपले. पुतळा १७९६ साली रिचमंडमध्ये बसवण्यात आला.

व्हर्जिनियाने लाफाएतचेही दोन अर्धपुतळे त्याच्याकडून करवून घेतले होते. एक रिचमंडसाठी, दुसरा पॅरिसच्या नगरभवनाला भेट. दुसरा सप्टेंबर १७८६ मध्ये समारंभपूर्वक बसवला गेला. ऑगस्ट १७९२ मध्ये लाफाएत क्रांतिकारकांच्या नजरेतून उतरला आणि जमावाने तो फोडून टाकला. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतले त्यानेच त्याचे दगडी डोके फोडायला सहा वर्षेही घेतली नाहीत.

दरम्यान उदाँचा संसार उशिराच मांडला गेला होता. १७८६ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने मारी-आंज-सेसिल लांग्ल्वा हिच्याशी विवाह केला. पत्नीचा त्याने केलेला पुतळा हसरा आहे, आणि हसताना दात दिसतात. त्या काळच्या शिष्ट रिवाजात हे बसत नव्हते. साबीन, आन-आंज आणि क्लोदिन या तीन मुली झाल्या. साबीनचे दहा महिन्यांच्या वयापासूनचे पुतळे आहेत. सेनापतींच्या जबड्यांची मापे घेणारा हात बाळाच्या मऊ गालाशी किती हळुवार होतो, ते त्यांत दिसते.

क्रांतीने त्याची गिऱ्हाइके नाहीशी केली. काहींची डोकी गेली, काही परागंदा झाले. चित्रकार दाविदचा गट त्याला जुन्या राजवटीचा माणूस समजे. एका संत स्त्रीची मूर्ती त्याच्या कारखान्यात पडून होती, तिच्यावरून त्याच्यावर आळ आला; तेव्हा ती मूर्ती संताची नसून तत्त्वज्ञानाची आहे, असे सांगून तो बचावला, अशी एक कथा सांगतात. त्या दिवसांत मूर्तीचे नाव बदलून शिल्पकाराचे प्राण वाचत असतील तर ते स्वस्तच म्हणायचे.

नेपोलियनच्या काळात त्याला मान मिळाला, १८०४ साली लिजन ऑफ ऑनर मिळाले, कलाशाळेत प्राध्यापकी मिळाली. त्याच सुमारास चित्रकार ब्वाली याने त्याच्या कारखान्याचे चित्र काढले. गणिती लाप्लास समोर बसला आहे, उदाँ मातीत त्याचे डोके उभे करतो आहे, पत्नी आणि मुली पाहत आहेत आणि भिंतीवरच्या फळ्यांवर उभ्या आयुष्यातले चेहरे ओळीने मांडले आहेत. १८०६ साली त्याने खुद्द नेपोलियनचा मातीचा अर्धपुतळा घडवला. तो दिजाँच्या संग्रहालयात आहे. गणवेश नाही, पदके नाहीत, उघडी मान आणि वर ते डोके. चेहरा थोडा भरलेला, थकलेला, माणसाचा. पण सम्राटाला आता माणूस नको होता, देव हवा होता, आणि देव घडवण्यासाठी इटलीत कानोव्हा होता. कानोव्हाचा नेपोलियन नग्न, भव्य आणि निर्दोष आहे. नेपोलियन प्रत्यक्षात कसा दिसत असेल, असा प्रश्न पडला तर मात्र दिजाँला जावे लागते.

१८१४ नंतर उदाँने प्रदर्शनात काही मांडले नाही. १८२३ मध्ये पत्नी गेली. स्मरणशक्तीही हळूहळू त्याला सोडून गेली. सभांमध्ये तो डुलक्या घेत बसे. हजारो मापे ज्याच्या बोटांत होती त्याला अखेरीस भोवतालचे ओळखीचे चेहरेही उमगेनात, असे म्हणतात. १५ जुलै १८२८ रोजी सत्त्याऐंशीव्या वर्षी पॅरिसमध्ये तो वारला. मोंपार्नास दफनभूमीत त्याचे थडगे आहे.

त्याचे वॉशिंग्टनचे डोके मात्र आकाराने लहान लहान होत जगभर पसरले. रिचमंडच्या पुतळ्याच्या ब्राँझ प्रती निघाल्या. व्हर्जिनियाने दिलेली एक प्रत १९२१ पासून लंडनमध्ये ट्रफाल्गर चौकाच्या कडेला, ज्या राजाशी वॉशिंग्टन लढला त्याच्याच राजधानीत उभी आहे. १९३२ साली वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीनिमित्त अमेरिकेने पाव डॉलरचे नाणे काढले तेव्हा फ्लॅनगन या शिल्पकाराने उदाँच्याच अर्धपुतळ्यावरून त्यावरची मुद्रा केली. २०२२ ते २०२५ या काळात त्या नाण्यावर लॉरा गार्डिन फ्रेझर हिने त्याच १९३२ च्या नाण्यासाठी केलेला, पण तेव्हा मागे पडलेला चेहरा आला. त्याचाही आधार उदाँच. नाण्याचा व्यास जेमतेम २४ मिलिमीटर.

अलीकडे पॉलिमर क्ले नावाच्या कृत्रिम मातीत इतिहासातल्या सेनानींचे छोटेखानी अर्धपुतळे घडवणारे छांदिष्ट ठिकठिकाणी आहेत. ही माती हवेत सुकत नाही, त्यामुळे आठवडेच्या आठवडे एकाच डोक्यावर काम करता येते, आणि घरच्या ओव्हनमध्ये सुमारे १३० अंश सेल्सियसला ती कडक होते. तारेच्या सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा कागद चुरगळून घट्ट बसवायचा, त्यावर माती चढवायची, आणि दाताच्या कोरणीएवढ्या हत्याराने पापणी उचलायची. मूळ डोक्याच्या दशांश मापावर बुबुळाचा खळगा टाचणीच्या टोकाने पाडावा लागतो. उजेड झेलणारा तो उदाँचा कण येथे राखणे जवळजवळ अशक्य, म्हणून पुष्कळ जण चमक रंगाच्या ठिपक्याने साधतात. गणवेशाचे संदर्भ पुस्तकांतून आणि चित्रांतून भरपूर मिळतात. अडते ते डोक्याच्या मागच्या बाजूला. मानेवर केस कसे बांधले होते, कानामागे जबड्याचे हाड कोठे वळते, कवटी मागे किती फुगीर होती, हे कोणत्याही चित्रकाराने काढून ठेवलेले नसते. वॉशिंग्टन, जोन्स किंवा लाफाएत घडवायला घेतलेला माणूस तेथे पोहोचला की उदाँच्या पुतळ्याची पाठीमागून घेतलेली छायाचित्रे धुंडाळू लागतो, आणि ती त्याला मिळतात.